सर, आपल्या इकडं कामून नाही?

चौथीच्या वर्गात अफजलखानाच्या भेटीचा पाठ शिकवायला मास्तर लागत नाही. शामियाना, वाघनखं, सय्यद बंडा, जिवा महाला. पोरं आपोआप बाकाच्या कडेवर येऊन बसतात आणि वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. आमच्या मुदखेडच्या वर्गात एकदा असाच पाठ रंगला होता. घंटा व्हायला दोन मिनिटं राहिली असताना मागच्या बाकावरच्या एकानं विचारलं, "सर, ह्ये सगळं तिकडंच कामून झालं? आपल्या इकडं कामून नाही?"

मी त्याला सांगितलं की सह्याद्री तिकडं आहे, किल्ले तिकडं आहेत, म्हणून. घंटा झाली, पोरं पळाली. उत्तर चुकीचं होतं आणि ते देताना मला माहीत होतं की ते चुकीचं आहे. ज्या खिडकीजवळ उभं राहून मी ते दिलं, तिथून धर्माबादकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू येते. त्या गाडीत बसलं की थोड्याच वेळात उमरी लागतं. उमरीला काय झालं होतं ते मला ठाऊक होतं. पण 'ठाऊक' म्हणजे एका वाक्यात ठाऊक. सतरा सप्टेंबरच्या भाषणात जेवढं येतं तेवढंच.

हे पुस्तक त्या एका वाक्याची भरपाई आहे. दहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी लिहिलेल्या या साहसकथा आहेत. त्यांतली मुलं कल्पनेतली आहेत, गावं, नद्या, रेल्वे आणि तारखा खऱ्या. मुलांनी प्रस्तावना वाचू नये, सरळ पहिल्या गोष्टीवर जावं. हे लिहितोय ते त्यांच्या आईबापांसाठी, शिक्षकांसाठी आणि थोडं स्वतःच्या समाधानासाठी.

आमच्या मुलांना वर्षात चार झेंडावंदनं असतात. सव्वीस जानेवारी, एक मे, पंधरा ऑगस्ट आणि सतरा सप्टेंबर. पुण्या-मुंबईच्या मुलाला हे सांगितलं तर तो चौथं मोजून दाखवा म्हणतो. आमच्याकडच्या मुलाला चौथं पाठ असतं, पण ते का असतं हे विचारलं की तो जिलबीपर्यंत जाऊन थांबतो. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला आणि त्याच दिवशी तिरंगा फडकवला म्हणून हैदराबादच्या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांना अटक झाली. पुढचे तेरा महिने मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य हैदराबाद संस्थानात शिरलं आणि पाचव्या दिवशी, म्हणजे सतरा सप्टेंबरला, निजाम शरण आला. स्वामीजी आज इथल्या मुलांना विद्यापीठाचं नाव म्हणून माहीत आहेत. बसच्या पाटीवर 'विद्यापीठ' असतं, तेवढीच ओळख.

यात मुलांची चूक नाही. हैदराबादच्या लढ्यावर मोठ्यांसाठी उत्तम लिहिलं गेलं आहे. अनंत भालेराव यांचं 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' हे पुस्तक मी तीनदा वाचलं आहे आणि प्रत्येक वेळी वाटलं आहे की यातल्या एकेका परिच्छेदात एकेक कादंबरी दडली आहे. पण ते पुस्तक बारा वर्षांच्या मुलाच्या हातात देऊन बघा. दहाव्या पानावर तो ते उशाला घेईल. मुलाला करारांची कलमं नको असतात. त्याला हवं असतं की रात्र आहे, नदीला पाणी आहे, पलीकडे जायचं आहे आणि नावाडी येत नाही.

आता उमरीकडे येतो. ३० जानेवारी १९४८. उमरी ही कापसाच्या व्यापाराची पेठ, रेल्वेच्या काठावरची. तिथं हैदराबाद स्टेट बँकेची शाखा होती. सशस्त्र कार्यकर्त्यांच्या तुकडीनं ती बँक लुटली आणि वीस लाखांहून जास्त रुपये नेले. आजच्या मुलाला वीस लाख म्हणजे एक बरी मोटार. त्याला आधी हे सांगावं लागतं की तेव्हा एवढ्या पैशात पुरा तालुका विकत घेता आला असता. या हकिकतीत इकडे नागनाथ परांजपे, आबासाहेब लहानकर अशी नावं घेतली जातात. आमच्याच तालुक्यातल्या बारडचे साहेबराव बारडकर यांचंही नाव येतं. बारडला आमच्या शाळेतली निम्मी पोरं लग्नाच्या वरातीला जाऊन आलेली आहेत.

या घटनेत साहसकथेला लागणारं सगळं आहे, आणि लेखकानं काही जोडायची गरज नाही. पैसे हाली सिक्क्याचे. निजामाचा हा स्वतंत्र रुपया. सात हाली रुपये दिले की सहा इंग्रजी रुपये मिळत. म्हणजे लुटलेला पैसा सरहद्दीपलीकडे नेला तरी तो तिथल्या दुकानात चालायचा नाही, बदलून घ्यावा लागणार, आणि एवढ्या नोटा बदलायला निघालेला माणूस कुणाच्याही डोळ्यांवर येणार. मुलांपुढे एवढं गणित ठेवलं की ती तासभर भांडतात. एक म्हणतो पुरून ठेवायचे. दुसरी म्हणते थोडे थोडे न्यायचे, वेगवेगळ्या माणसांनी. तिसरा विचारतो, पोत्यात भरले तर वजन किती भरेल? मी म्हणतो, काढ. तो काढायला बसतो. इतिहासाच्या तासाला आपणहून गुणाकार करणारा विद्यार्थी मला त्याआधी भेटला नव्हता.

मग सरहद्द. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेड, ते वऱ्हाडात, निजामाच्या पोलिसांच्या हाताबाहेर. तिथं लढ्याचा कॅम्प होता. नकाशात नदी म्हणजे निळी रेघ. पण ज्याची मावशी हदगावला राहते त्याला पैनगंगा पावसाळ्यात कशी दिसते ते ठाऊक असतं. गावाच्या शिवारात करोडगिरीची नाकी, म्हणजे निजामाची जकात वसूल करणाऱ्या चौक्या. त्या जाळणं, सरकारचं उत्पन्न तोडण्यासाठी शिंदीची झाडं पाडणं, रात्रीतून तिरंगा लावून येणं, हे त्या काळचे कार्यक्रम. हे सगळं पोरासोरांच्या आवाक्यातलं आहे. झाड चढता येतं, निरोप पोचवता येतो, नाक्यावरचा शिपाई कधी झोपतो ते बघता येतं.

आणि एक गोष्ट अशी की ती कल्पून लिहिली असती तर संपादकानं 'फारच जुळवून आणलंय' म्हणून कापली असती. त्याच ३० जानेवारीला, संध्याकाळी, दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. आमच्या गोष्टीतल्या मुलाला हे दुसऱ्या दिवशी कळतं. तो आदल्या रात्रीच्या थरारातून अजून बाहेर आलेला नसतो, आणि त्याला कळत नाही की आता आनंद करायचा की रडायचं. ते पान लिहायला मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

लुटीपेक्षाही इकडची जुनी माणसं ज्या गोष्टीचा अभिमान बाळगतात ती वेगळीच आहे. पैशाचा हिशेब ठेवला गेला, तो पुढे लढ्याच्या समितीला दिला गेला. दरोड्याचा हिशेब! मुलांना ही गोष्ट हमखास विनोदी वाटते. हसून झालं की मग ती विचारतात, "कामून ठेवला?" त्या प्रश्नासाठी हे पुस्तक लिहिलं म्हटलं तरी चालेल.

नांदेड जिल्ह्यातल्या माणसानं ऐतिहासिक कथेच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहायची म्हणजे जरा भीतीच वाटते. मराठीतली ऐतिहासिक कादंबरीची सगळ्यात गाजलेली प्रस्तावना, रणजित देसाईंच्या 'श्रीमान योगी'ची, नांदेडच्या नरहर कुरुंदकरांनी लिहिली आहे. तिचा धाक असा आहे की शिवाजीवर लिहिणारा माणूस आजही आधी ती प्रस्तावना वाचतो. कुरुंदकर स्वतः हैदराबादच्या लढ्यात विद्यार्थी असताना उतरले होते. कादंबरीकाराला मोकळीक असते, पण ती पुराव्याच्या कुंपणाच्या आत असते, हा धडा मी त्यांच्याकडूनच घेतला. ते कुंपण मुलांच्या पुस्तकात जास्त उंच लागतं असं माझं मत आहे. मोठा वाचक लेखकाशी भांडू शकतो. दहा वर्षांचं मूल भांडत नाही, ते विश्वास ठेवतं.

म्हणून लिहिताना एकच नेम पाळला आहे. माझ्या कल्पनेतल्या मुलांनी घडलेली घटना बदलायची नाही. आमचा मुलगा उमरीची बँक लुटत नाही. लुटीच्या दिवशी तो उमरीत असतो, एवढंच. त्याच्यावर एक छोटं काम असतं, ते अर्धं जमतं, अर्धं फसतं. मुलाच्या हातून लढाई जिंकवून द्यायचा मोह फार होतो, वाचणाऱ्यालाही ते आवडतं. पण ज्यांनी खरोखर मार खाल्ला, तुरुंगात दिवस काढले, जीव गमावला, त्यांच्या कामाचं श्रेय एका कागदी पोराला देणं ही चोरी आहे.

या बाबतीत भा. रा. भागवतांकडून शिकायला मिळतं. फुरसुंगीचा बनेश फेणे पुण्यात विद्याभवनात शिकायला येतो, सायकल दामटतो, 'ट्टॉक' करतो, आणि जग त्याच्याभोवती आपल्या गतीनं चालू असतं. प्रतापगडावर तो गेला तरी गड त्याच्यासाठी थांबून राहत नाही. फास्टर फेणे वाचत आमच्या पिढीनं उन्हाळ्याच्या सुट्ट्या काढल्या. मात्र तक्रार एकच होती. तो आमच्या स्टेशनवर कधी उतरला नाही. निजामाच्या मीटरगेजच्या काळापासून मुदखेड हे जंक्शन आहे, इथून एक फाटा आदिलाबादकडे जातो, गाड्यांची एवढी ये-जा, तरी फेणे काही इकडे फिरकला नाही. गोनीदांनी शिवकाळाच्या कादंबऱ्या लिहिल्या त्या स्वतः गड तुडवून. कंधारचा किल्ला तुडवून मुलांसाठी लिहिणारा कुणी गोनीदा आम्हाला मिळायचा आहे.

कंधारचं नाव काढलंच आहे तर थोडं थांबतो. राष्ट्रकूटांच्या काळात कंधार ही वैभवाची नगरी होती. तिथं एका प्रचंड क्षेत्रपालाच्या मूर्तीचे भग्न अवशेष आहेत. मी पोरांना घेऊन गेलो तेव्हा पायाच्या तुकड्याशेजारी उभं राहून एकानं आपली चप्पल काढून माप घेतलं. उरलेला देव कुठं गेला, हा प्रश्न तिथंच सुरू झाला आणि परतीच्या बसमध्ये भोकाड पसरण्यापर्यंत गेला, कारण प्रत्येकाची गोष्ट वेगळी होती.

अशाच एका भग्न अवशेषातून इंग्लंडमध्ये गोष्ट निघाली. तिथं सिल्चेस्टरच्या उत्खननात पंख तुटलेला ब्राँझचा गरुड सापडला होता. रोझमेरी सटक्लिफ या बाईंनी तो तुटका गरुड आणि इतिहासात पत्ता न लागणारी रोमची नववी पलटण यांची सांगड घालून १९५४ साली 'द ईगल ऑफ द नाइन्थ' ही कादंबरी लिहिली. तिथल्या कित्येक मुलांना रोमन ब्रिटन ठाऊक झालं ते या कादंबरीमुळे. आता अभ्यासक म्हणतात की तो गरुड पलटणीचा नव्हताच, कुठल्या तरी पुतळ्याचा भाग असावा. म्हणजे गोष्ट ज्या खुंटीवर टांगली ती खुंटीच चुकीची. मला यात समाधान आणि धोका दोन्ही दिसतात. तुटक्या अवशेषातून एवढी गोष्ट निघू शकते हे समाधान. आणि गोष्ट एकदा रुजली की तिच्यातली चूक सहजासहजी उपटता येत नाही, हा धोका. कंधारच्या गोष्टीत म्हणूनच क्षेत्रपालाचं काय झालं ते मी सांगितलेलं नाही. पोरं शोधतात, सापडत नाही, गोष्ट तिथं संपते. एका मुलीनं कच्चा खर्डा वाचून तोंड वाकडं केलं होतं. तिचं बरोबर आहे, पण मी बदललं नाही.

सगळ्यात अवघड भाग खलनायकाचा. साहसकथेला खलनायक लागतो आणि १९४७-४८ च्या मराठवाड्यात तो तयार मिळतो. रझाकार, निजामाच्या बाजूची सशस्त्र संघटना. त्यांचा म्होरक्या कासिम रझवी आमच्याच भागातला, लातूरचा वकील. रझाकारांनी गावं जाळली, माणसं मारली, यात लपवण्यासारखं काही नाही. १९४६ सालीच बिलोली तालुक्यात अर्जापूरच्या परिसरात लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांची हत्या झाली होती. (मोबाइलवर हे नाव शोधलं की कोल्हापुरात २०१५ साली ज्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या ते कॉम्रेड पानसरे पुढं येतात, आमचे पानसरे त्यांच्या मागं कुठं तरी हरवतात.) कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गढीत अप्पाराव नाईक आणि त्यांचे साथीदार रझाकारांशी लढता लढता पडले. हे सगळं या पुस्तकात आहे, पण मुलांना सोसेल एवढंच.

पण माझ्या वर्गात पहिल्या बाकावर हिंदू मुलगा बसतो आणि त्याच्या शेजारी मुसलमान. दोघं एकाच डब्यात खातात. रझाकार म्हणजे मुसलमान, एवढंच समीकरण घेऊन पहिला घरी गेला तर माझं पुस्तक जाळलेलं बरं. दुसरा हे पुस्तक वाचताना मान खाली घालून बसला, तर ते लिहायलाच नको होतं. म्हणून शोएबुल्ला खान इथं आहेत. हैदराबादच्या 'इमरोज'चे हे तरुण संपादक. संस्थान भारतात विलीन व्हावं असं त्यांनी उघड लिहिलं आणि ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांना मारणारे रझाकारच होते. उदगीरचीही एक गोष्ट घेतली आहे. तिथं १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामाचा पराभव केला. त्या मराठी सैन्याच्या तोफखान्यावर इब्राहिमखान गारदी होता. पुढच्याच वर्षी पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं लढताना तो पकडला गेला आणि मग मारला गेला. उदगीरच्या किल्ल्यावर सहलीला जाणाऱ्या मुलाला हे कुणी सांगत नाही.

आणि एक गोष्ट अशी आहे जी मी बराच काळ टाळली. सैन्याच्या कारवाईनंतर, रझाकारांचा बीमोड झाल्यावर, खेडोपाडी मुसलमानांवर सूड उगवला गेला. नेहरू सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं ज्या चार जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ पोचल्याचं नोंदवलं, त्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा आणि बीदर यांच्याबरोबर नांदेड आहे. हा अहवाल कित्येक वर्षं लोकांपुढं आलाच नाही. मुलांच्या पुस्तकात हे घ्यायचं की नाही यावर मित्रांशी भांडणं झाली. एकानं तर बोलणं सोडलं. शेवटी घेतलं. शेवटच्या गोष्टीत सतरा सप्टेंबरनंतरच्या आठवड्यात एक मुलगा आपल्या मित्राच्या घरी जातो आणि घराला कुलूप असतं. एवढंच. त्यापुढे काय झालं ते गोष्टीत लिहिलं नाही. मुलं विचारतील. त्यांना उत्तर देणं हे घरातल्या मोठ्यांचं काम आहे आणि ते माझ्या पुस्तकावर ढकलू नये.

मुलींबद्दल. पहिला खर्डा लिहून झाला तेव्हा त्यात एकही मुलगी नव्हती. ते माझ्या लक्षात आलं नव्हतं, बायकोनं आणून दिलं. मग दगडाबाई शेळके आठवल्या, बदनापूरजवळच्या धोपटेश्वरच्या. पुरुषाचा वेश करून बंदूक हातात घेणाऱ्या. त्यांच्यावर लिहायचं तर कल्पनेची गरज अगदीच कमी पडते. आता या संग्रहातल्या दोन गोष्टी मुलींच्या आहेत, आणि माझ्या मते त्याच दोन सगळ्यात चांगल्या झाल्या आहेत.

भाषेबद्दल एक सांगायचं राहिलं. गोष्टीतली मुलं पुस्तकी बोलत नाहीत. ती 'कामून' म्हणतात, 'वो सर' म्हणतात. आणि त्या काळच्या कचेरीची भाषा उर्दू होती, म्हणून पानोपानी करोडगिरी, गिरदावर, अव्वल तालुकदार असे शब्द भेटतात. प्रकाशनाशी संबंधित एका जाणकारांनी सुचवलं होतं की मुलांना हे जड जाईल, 'कलेक्टर' लिहा. मी नाही लिहिलं. ज्या पोरांना क्रिकेटमधलं 'डकवर्थ-लुईस' कळतं त्यांना 'अव्वल तालुकदार' कळेल. शिवाय आमच्याकडच्या सातबाऱ्याच्या जुन्या कागदांवर आजोबांच्या नावापुढे असेच शब्द आहेत. गोष्टीत वाचलेला शब्द घरच्या पेटीत सापडला तर मूल पेटी बंद करत नाही.

मागच्या बाकावरचा तो मुलगा आता मोठा झाला असेल. कुठं आहे ठाऊक नाही. त्याच्या प्रश्नाचं उत्तर मी उशिरा दिलं, याची रुखरुख आहे.

शिक्षकांना विनंती अशी की या गोष्टी परीक्षेला लावू नका. त्यांवर रिकाम्या जागा भरायला देऊ नका. तासाला जमलं तर मोठ्यानं वाचा, अर्ध्यावर थांबा आणि उद्या या म्हणा. १९४८ साली दहा वर्षांची असलेली माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढं गेली आहेत. आपल्या गल्लीत अशी एखादी आजी, एखादे आजोबा असतील. त्यांच्याकडे पोरांना पाठवा, त्यांना काय आठवतं ते वहीत उतरवून घ्या, आणि ते या पुस्तकातल्या तपशिलाशी जुळत नसेल तर मला जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करीन.

मुदखेड, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन